अण्णांच्या दोन छर्‍याच्या बंदुका

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि माझ्या वडिलांची, अण्णांची, कचेरी ग्वाल्हेरहून भोपाळला निघाली. अण्णांना जायचं नव्हतं. संस्थानच्या फौजेत ते नेमबाजी शिकवायचे. फौज विलीन झाली तेव्हा वय बघून त्यांना बाजूला काढलं आणि कारकुनाच्या खुर्चीत बसवलं. तरी फूलबागेपाशी एखादा जुना शिपाई सायकलवरून उतरून त्यांना सलाम करायचा. भोपाळात कोण करणार होतं?

अशात आमच्या भागातल्या एका शाळेनं विचारलं, मुलांना छर्‍याची बंदूक शिकवाल का? अट एवढीच की सोमवारी कमिटीपुढे दहा पावलांवरून पोस्टकार्डावर पाच छर्रे मारून दाखवायचे. ते जमलं तर कचेरीला रामराम आणि आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच. अण्णा खूप दिवसांनी हसले.

त्यांच्या स्वतःच्या दोन बंदुका पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. पूर्वी दसर्‍याला त्या पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं. शस्त्र पूजेला निजलेलं नसावं म्हणून अण्णा त्या दिवशी एकीचा घोडा चढवून ठेवत, छर्रा न घालता. फौजेतून काढल्याचा कागद दसर्‍यालाच हाती पडला. त्या रागात त्यांनी दोन्ही बंदुका तशाच धोतरात गुंडाळून ठेवल्या. पुढची सहा-सात वर्षं आम्ही विळीची आणि शिवणाच्या मशीनची पूजा केली.

आता गुंडाळी सोडली तर एकीचा लाकडी दस्ता वाळवीनं खाल्लेला. दुसरी धड होती, पण इतकी वर्षं घोडा चढवलेलीच, आतली कमानी ताणलेली. गच्चीवर फळी टेकवून अण्णांनी पहिला छर्रा सोडला. तो कसाबसा पोचला आणि फळीला टिचकी मारून खाली पडला. पाचही तसेच.

"कमानी गेली," अण्णा म्हणाले, आणि काय सांगू, त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. दिवसभर येईल त्याला तेच सांगत होते, माझी नाही हो, बंदुकीची कमानी गेली.

मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला, आणि मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड. म्हटलं, टोपी बाजारातून दुरुस्त करून आणते. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे गं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला तिचा संताप आला. वाटलं, हिला नवरा मास्तर झालेला नकोच आहे. दोन्ही बंदुका चादरीत बांधल्या आणि टांग्यात बसून गेले. कुलपं दुरुस्त करणार्‍या मिस्त्रीनं चांगली उघडून बघितली. "बेटी, भरकर कौन रखता है? कमानी बैठ गई है।" मग वाळवी लागलेल्या बंदुकीची कमानी काढून त्यानं हिच्यात बसवली, चामड्याचा वॉशर तेलात भिजवून घातला. मी अशी काही ऐटीत घरी आले, जणू किल्लाच जिंकला.

रविवारी सकाळी अण्णांनी बंदूक उचलली. या खेपेला छर्रा ठाप्‌कन फळीत घुसला. पोस्टकार्डापासून वीतभर लांब.

"कुठं लागला?"

मला कळेना, अण्णा का विचारतायत. भोक मला इथून स्वच्छ दिसत होतं. "जरा डावीकडे," मी म्हणाले.

दुसरा खाली. तिसरा फळीच्या कडेला. चौथ्याला त्यांनी डोळे पुसले, बंदूक डाव्या खांद्याला लावून बघितली. पाचवा भिंतीचा पोपडा घेऊन गेला. मग ते फळीपाशी गेले आणि बोटानं चाचपून एकेक भोक शोधायला लागले. तेव्हा कुठं मला कळलं. आईला त्यांच्या डोळ्यांचं ठाऊक होतं. रोज पेपर तीच तर वाचून दाखवायची.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कमानीवर ढकलून माणूस अब्रूनं भोपाळला गेला असता. मी मेलीनं तेवढीही जागा ठेवली नाही.

सोमवारी अण्णांनी माझ्याजवळ हेडमास्तरांना चिठ्ठी दिली. बंदूक नादुरुस्त असल्यामुळे येऊ शकत नाही, क्षमस्व. अण्णांनी आयुष्यात लिहिलेलं तेवढं एकच खोटं मी पाहिलं.

हेडमास्तर भला माणूस. चिठ्ठी वाचून म्हणाले, "बस इतनी सी बात? स्कूल की बंदूक रखी है। दोपहर में भेज दो, कमिटी रुक जाएगी।"

  डोळ्यांचं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या लष्करात झालं असतं. "वो तो भोपाल जा रहे हैं," मी म्हणाले. "तय हो गया।"

काहीच ठरलं नव्हतं. रस्ताभर मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. घरी येऊन अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील, तू कोण ठरवणारी. ओरडायलाच हवं होतं.

ते खुर्चीतून उठले नाहीत. "बरं केलंस," म्हणाले. "मला सांगवलं नसतं."