दैवशालाची मोहरी

पाथरीत आमच्या गल्लीत कुजबूज होती, की दैवशालाच्या परसात धनाचा हंडा पुरलाय. नाहीतर तिची मोहरी कमरेएवढी का वाढावी, आणि तिनं कुणाला एक पान का देऊ नये? तिचा नवरा त्याच परसात ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचा. तिथं मेथी-कोथिंबीर पिवळी पडून मरायची, मोहरी मात्र डुलायची. शेजारच्या पारूबाईचा जळफळाट आम्ही मजेनं बघायचो, आणि मधूनमधून तेलही ओतायचो.

शहाऐंशी सालची येळवस होती. सणाच्या भज्जीत पडेल तेवढा पालेभाज्यांचा मेळ लागतो, म्हणून पारूबाई न विचारताच परसात शिरली आणि टोपलं भरून मोहरीचा पाला घेऊन निघाली. दैवशालानं दारातच टोपलं हिसकावलं.

“सणासुदीला पाला देईनास! हंडा काय संगं नेणार हाईस?”

“काय बोलायचं ते बोल पारूबाई, पण ह्यो पाला लेकरांच्या तोंडाला लावू नको.”

“मंग लावलीस कशाला, मला जाळायला?”

दैवशाला उंबऱ्यावर बसली. नवऱ्याचा धंदा बुडेल म्हणून गप्प राहिलेली बाई त्या दिवशी बोलली. तिचा भाऊ शेतीशाळेत मास्तर होता, त्यानं तिला सगळं समजावलं होतं.

परसात हंडा नव्हता. मातीत बॅटऱ्यांचं शिसं होतं. मोहरी ते मुळांत आणि पानांत कोंडून ठेवते, म्हणून ती मरत नाही. खाणाऱ्याला ते बाधतं. जमिनीतलं शिसं थोडं थोडं कमी व्हावं, म्हणून दैवशाला मोहरी पेरून उपटत होती.