डावा ताड, उजवा ताड

पेंचलय्याच्या डोळ्याची पट्टी सुटून पंधरवडा झाला होता. धूळ टाळा, उन्हात फिरू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि तो भर दुपारी काळा चष्मा लावून पुलिकत सरोवराच्या बांधावरून चालत होता. मागून बोब्बट्लुंचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा सांभाळत बायको चेंगम्मा.

"तुमच्यावाचून अडलंय का त्या रॉकेटचं?" ती म्हणाली.

"रॉकेट उडेल. हाक कोण मारणार?"

चेंगम्माने डबा दुसऱ्या काखेत घेतला. हाकेचं काय ते दोघांनाच ठाऊक होतं.

बांधावरच्या मंडळींची एक रीत होती. समोर पाणी, पाण्यापलीकडे बेट, बेटावर सुरूच्या झाडांची काळी रेघ आणि तिच्यामागे रॉकेट सोडायचे दोन तळ. अलीकडे बांधाच्या टोकाला दोन ताड. पहिल्या तळावरून सुटलेलं रॉकेट डाव्या ताडामागून वर यायचं, दुसऱ्या तळावरचं उजव्या ताडामागून. ज्याला उजेड आधी दिसेल त्याने "निघालं!" म्हणून हाक मारायची. मग बाकीच्यांनी उभं राहायचं. टाळी मात्र वाजवायची नाही. पुन्हा खाली बसायचं आणि उपग्रह आपल्या जागी पोचल्याचं फोनवर कळेपर्यंत हात मांडीखाली. पूर्वी एकदा रॉकेट उठताच सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या, आणि पेढे वाटून व्हायच्या आतच वाईट बातमी आली होती. तेव्हापासून हा नेम.

हाक मात्र कायम पेंचलय्याचीच असायची. रेल्वेत तो चावीवाला होता. खांद्यावर हातोडा घेऊन रोज रुळावरून चालायचं, रूळ पकडून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली तर दुरूनच हेरायची आणि ठोकून बसवायची. त्या कामात नजर तयार झाली होती.

पण मागची दोन उड्डाणं त्याला दिसलीच नव्हती. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. लोकांची हालचाल, शेजारच्या गुडघ्याचा धक्का जाणवताच त्याने अंदाजाने हाक ठोकून दिली होती. दोन्ही वेळा बरोबर बसली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची नजर अजून घारीची. दुसऱ्या हाकेच्या रात्री तो धड जेवला नाही. नोकरीत असताना झाडाखाली झोप काढून 'रूळ ठीक' सांगणाऱ्या एकाशी त्याने वर्षभर बोलणं टाकलं होतं. आता आपण त्याच्याच पंगतीत बसलो, हे त्याने फक्त चेंगम्माला सांगितलं. आज दिसलं तर हाक मारायची, नाही दिसलं तर कायमची सोडायची, असं ठरवून तो आला होता.

खादर बाशा आधीच चटई पसरून बसला होता. त्याचं पंक्चरचं दुकान. उड्डाणाच्या दिवशी दुकानाला कुलूप. शेजारी चित्रकलेचे निवृत्त मास्तर सुब्बरायुडू, हातात फोन.

"या अण्णा! काळा चष्मा काय, सिनेमात काम मिळालं?"

"मिळालंय. खलनायक हवाय, येतोस?"

"वहिनी, डब्यात बोब्बट्लु आहेत ना?"

"आहेत. पण टाळीच्या आधी झाकणाला हात लावलास तर उलथण्याने मारीन."

पेंचलय्याने चष्मा काढला आणि डाव्या ताडावर नजर लावली. झावळीची पातीन् पाती वेगळी दिसत होती. एका झावळीला सुगरणीचं जुनं घरटं लोंबत होतं. हे इथे कधीपासून? त्याला उगाच हसू आलं.

मास्तरांच्या फोनवर उलटी मोजणी सुरू झाली. फोन नेहमी थोडा मागेच असतो, म्हणून बांधावर कोणी त्याच्यावर विसंबत नसे. बोलणं थांबलं. पेंचलय्याने पापणी लववली नाही. डाव्या ताडामागे आकाश स्वच्छ, निळं आणि रिकामं.

तेवढ्यात दोन हातांनी त्याचं डोकं धरलं आणि उजवीकडे वळवलं.

"अण्णा, दुसरा तळ!" खादर बाशा कानात पुटपुटला.

उजव्या ताडाच्या बुंध्यामागे सुरूची रेघ पेटली होती. त्यातून एक पिवळाधमक ठिपका सुटा झाला, झावळ्यांच्या वर आला. पेंचलय्याला तो दिसला. ठिपक्याखालची शेपटी दिसली, शेपटीखालचा पांढरा धूर दिसला.

"निघालं!"

सगळे उठले. फोनवर अजून मोजणीच चालली होती. मग पाण्यावरून गडगडाट आला, छातीत शिरला, डब्याचं झाकण थरथरलं. उथळ पाण्यातले रोहित पक्षी एकदम उठले. ठिपका ढगात शिरला तरी पेंचलय्या वरच पाहत होता.

खाली बसल्यावर तो हळूच म्हणाला, "तुला आधी दिसलं होतं. हाक का नाही मारलीस?"

"मागच्या दोन्ही वेळाही मलाच आधी दिसलं होतं," खादर बाशा पाण्याकडे पाहत म्हणाला. "तुमच्या गुडघ्याला गुडघा कोणी लावला, असं वाटलं तुम्हाला?"

पेंचलय्याने वर पाहिलं. वाऱ्याने धुराची रेघ वाकडी केली होती.

"मग लेका, बोलला का नाहीस?"

"रोज थोडीच लावायचा होता गुडघा? डोळ्याचं ऑपरेशन करून घ्याल, माहीत होतं. पण आज मी गुडघा लावला नाही हां. दिसतं की नाही ते बघायचं होतं. तुम्ही भलत्याच ताडाला डोळे लावून बसलात!"

"पहिला तळ समजलो मी. विचारलंच नाही कोणाला." पेंचलय्या स्वतःवरच चिडला. "नवा डोळा घेऊन आलो, डोकं जुनंच. आजची हाक अर्धी तुझी."

"मग बोब्बट्लुही माझ्या वाट्याला दीड."

"श्श!" मास्तर म्हणाले. फोनवरचा माणूस एकेक टप्पा सांगत होता. बांधावर सगळ्यांचे हात मांडीखाली. चेंगम्मा डबा पोटाशी धरून बसली होती. शेवटी ते वाक्य आलं. उपग्रह कक्षेत पोचला होता.

टाळ्यांनी बांध दणाणला. पेंचलय्याने तळवे लाल होईस्तोवर वाजवल्या. चेंगम्माने झाकण उघडलं आणि नेहमीप्रमाणे पहिला बोब्बट्टु हाक मारणाऱ्यापुढे धरला. पेंचलय्याने त्याचे दोन तुकडे केले. मोठा कोणता ते डोळ्याजवळ नेऊन नीट पाहिलं, आणि तो खादर बाशाला दिला.