बारामतीच्या अलीकडचा नाका

भागुबाई बावड्यात लग्न होऊन आल्या आणि नवऱ्याच्या हाताखाली कामाला लागल्या. गंगाराम गवंडी होता. तो भिंत चढवायचा, त्या विटा द्यायच्या. बोलणं फार नसायचं. त्यानं न बघता हात मागं केला की वीट हातात पडायची.

सत्त्याण्णवच्या जुलैत गंगारामच्या छातीत कळ आली. लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलानं, सोमनाथनं, बापाला बारामतीच्या दवाखान्यात हलवलं. जरा आराम पडल्याचं कळलं, तशा भागुबाई खुरपणीला गेल्या. दुपारी शेजारचा सोपान बांधावर आला.

"काकू, सोमनाथचा फोन आला व्हता. काका तुमाला बोलावत्यात. लगेच निघा."

हातातलं खुरपं तसंच पिशवीत टाकून त्यांनी एसटी गाठली.

मुंबईत पुतळ्याच्या विटंबनेवरून रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार होऊन माणसं गेली होती. इकडंही गावोगाव धग होती. दंगल पेटू नये म्हणून हत्यारबंदी लागली होती. बारामतीच्या अलीकडं पोलिसांनी एसटी थांबवली. पुरुषांचे खिसे चाचपले, बायकांच्या पिशव्या पाहिल्या. भागुबाईंच्या पिशवीत खुरपं निघालं.

"मावशी, खाली उतरा," हवालदार म्हणाला.

"खुरपं हाय ते, सायेब. रानातनं तशीच आलीया. मालक दवाखान्यात हायेत."

"ते खरं असंल. पर पात्याची वस्तू सापडली की अंगझडती घ्यावीच लागती. आन् बाईमाणसाची झडती बाईनंच घ्यायची, असा कायदा हाय. आमच्या बाई बारामतीहून येतायत."

"मी सांगतीया ना, तुमीच घ्या झडती. माझी काय बी हरकत न्हाय."

हवालदारानं मान खाली घातली. "तसं न्हाय करता येत, मावशी."

एसटी निघून गेली. हवालदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. भागुबाई उभ्याच राहिल्या. बारामतीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीत त्या बाईमाणूस शोधत होत्या.

ऊन कलल्यावर पोलीसबाई आली. कोवळी पोर होती. टपरीच्या आडोशाला नेऊन तिनं भागुबाईंचा पदर, ओचा, अंबाडा सगळं तपासलं. "माफ करा हं, मावशी," ती हळूच म्हणाली. खुरपं ठेवून घेतलं आणि त्यांना सोडलं.

दवाखान्याच्या पायरीवर सोमनाथ बसला होता. आईला पाहून तो उठलाही नाही.

"आये, लई उशीर केलास. आत्ताच गेले. सारखं दाराकडं बघत व्हते."

त्या आत गेल्या आणि गंगारामच्या उशाशी बसल्या. उशीर का झाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढं गंगारामच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, त्या दिवशी एसटीत असलेल्या गावातल्या एका बाईनं भागुबाईंना नाक्यावर उतरवून घेतल्याची हकिगत काढली, तेव्हा सोमनाथला कळलं. तो तक्रार करायला निघाला.

"कुणाची करशील?" भागुबाई म्हणाल्या. "त्या पोरीची? का त्या हवालदाराची? ते काय वंगाळ वागलं न्हायती. तालुक्यात कुठं दंगल झाली न्हाय, कुणाचं घर जळलं न्हाय. चांगलंच झालं."

सोमनाथ तिथंच बसला.  मग भागुबाई म्हणाल्या,

"पर मला एक सांग, सोमा. माझ्याकडं बघून, मी कुणाला मारायला निघालीया, असं वाटत व्हतं का रं?"