पाच-पाच अर्ज
यूपीएस तापल्याचा वास आला की कळमनुरीतलं कॉम्प्युटर सेंटर आठवतं. तांड्यावरच्या तीस मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन मी, मोर्चे काढणारा कार्यकर्ता, तिथं गेलो होतो; अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता, आणि सेंटरवाल्या ताईंचं मशीन पाच अर्ज पाठवून दहा मिनिटं थांबायचं. “गरिबांचंच काम काहून अडवता?” मी गरजलो. “भाऊ, तुमचा आख्खा मोर्चा एका दारातून घुसला तर दार टिकंल का? तिकडची सरकारी साइट तशीच हाय,” ताई म्हणाल्या. त्या जरा उठल्या तशी मी राहिलेले अर्ज एकदम सोडले, आणि सगळेच्या सगळे परत आले. “आता माउसला हात लावला तर तुमच्यावर मोर्चा मीच काढीन,” म्हणत त्यांनी मला चहा दिला आणि पुन्हा पाच-पाच पाठवायला बसल्या. मुदत संपता संपता शेवटच्या पोरीचा अर्ज गेला. हल्ली मोर्चाच्या पत्रकात ‘अडवणूक’ लिहिण्याआधी, काम का थांबलंय ते मी एकदा विचारून घेतो.