तळहाताएवढा गाल

बहरीनमधल्या मुहर्रकमध्ये विमानतळाच्या मागच्या गल्लीत जिप्समच्या कामाचं एक वर्कशॉप आहे. कैलास समेळ तिथे जून २००९ पासून आहे. माणूस हमरापूरचा, पेणजवळचा. घरी गणपतीचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला वडिलांनी त्याला पंधराव्या वर्षीच बसवलं होतं, कारण त्याचा हात त्यांच्यापेक्षाही हलका होता. पण भाऊ तीन आणि कारखाना एक. मुलगी रंजिता सहा वर्षांची झाली, त्या वर्षी कैलास बहरीनला आला आणि पुढची चौदा वर्षं त्याने लोकांच्या घरांची छतं केली. छतावर फुलं, वेली, पानं. चेहरा एकही नाही.

वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये इमाद नावाचा मूर्तिकार काम करायचा. तो इराकचा, मोसुलचा. २०१८ मध्ये तो इथे आला आणि एका शाळेत चित्रकला शिकवू लागला. मोसुल हळूहळू सावरत होतं. पूल पुन्हा बांधले गेले होते, बाजार भरू लागला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे नदीच्या काठावर, उघड्यावर, मूर्तींचं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी इमादने पांढऱ्या सिमेंटच्या सात मूर्ती केल्या. त्याच्या जुन्या गल्लीतली माणसं, आपापल्या दाराच्या पायरीवर बसलेली. रोटीवाला, न्हावी, शिंपी, दोन म्हाताऱ्या, शाळेचा शिपाई. सातवी एक लहान मुलगी होती.

तिचं अंग पुरं होतं, पण चेहऱ्याच्या जागी फक्त डावा गाल आणि कान. तळहाताएवढा प्लास्टरचा तुकडा सिमेंटमध्ये बसवलेला. बाकी सगळं खडबडीत, पोकळ.

तो तुकडा काय होता ते इमादने शेडमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची मुलगी लीना सहा वर्षांची असताना एका सुटीच्या दिवशी, खेळ म्हणून, त्याने तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता. नाकात दोन नळ्या घालून तिला पडून राहायला सांगितलं, तर ती सारखी हसत होती. त्या साच्यातून काढलेला मुखवटा भिंतीवर टांगला होता. २०१७ च्या मार्चमध्ये घरावर तोफेचा गोळा पडला. ढिगाऱ्यातून लीनाला बाहेर काढलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता. मुखवट्याचा एवढाच तुकडा हाती लागला. फोन, फोटो, सगळं जळून गेलं. लीनाची आई मोसुलमध्येच बहिणीकडे राहायची, सहा वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. प्रदर्शनाला मात्र येईन म्हणाली होती. तो गाल बघायला.

यातलं काहीही कैलासला माहीत नव्हतं.

गुरुवारी, ९ नोव्हेंबरला, इमाद सामानाच्या वाहतुकीचं ठरवायला समुद्रावरचा पूल ओलांडून सौदीतल्या दम्मामला गेला. रविवारी मूर्ती पेट्यांत भरायच्या होत्या. फोरमन संतोष कैलासला म्हणाला, "उस्तादच्या मूर्तींच्या भेगाबिगा बुजव, पॉलिश मार. आणि जास्त कलाकारी नको रे, नाहीतर न्हाव्याला सोंड काढशील."

शुक्रवारी वर्कशॉपला सुटी. कैलास सकाळी सात वाजता एकटाच आला. सहा मूर्ती अकरापर्यंत झाल्या. मग तो सातवीपुढे बसला आणि त्याला वाटलं, ही पडली. हलवताना कुणाच्या तरी हातून पडली आणि कुणी बोललं नाही.

कारखान्यात वाढलेल्या माणसाला भंगलेला चेहरा बघवत नाही. कान तुटलेली, नाक उडालेली मूर्ती गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत दुरुस्त करायची आणि झालं ते त्याला सांगायचंही नाही, ही तिथली रीत. इमादचा नंबर कैलासच्या फोनमध्ये होता. एकदा त्याने फोन हातात घेतलाही. मग वाटलं, उस्ताद किती खूश होईल! आणि फोन ठेवून दिला.

चौदा वर्षांनी हाताला चेहरा मिळाला होता. दुसरा गाल आला, नाक आलं, हनुवटी आली. जुना गाल आणि नवा गाल एकसारखे दिसावेत म्हणून त्याने दोन्हींवर पॉलिश पेपर फिरवला. जुन्या गालावर एक बारीक खळगा होता, कांजिण्यांचा असतो तसा. तो पुट्टीने भरला. कानावरून केसांच्या बटा घेतल्या, म्हणजे जोड दिसणार नाही. शेवटी कोरणीच्या टोकाने डोळ्यांची आखणी केली. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. जेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

त्याने घरी फोटो पाठवला. लगेच मंगलाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

"अहो, ही तर आपली रंजीच! पहिलीतली!"

पाठीमागून रंजिता ओरडली, "बाबा, माझं नाक एवढं सरळ कधी होतं? पदरचं घातलंत!"

कैलास हसला. मग फोटो पुन्हा बघितला आणि त्याला दिसलं, की खरंच. सोडून आला होता तेव्हाची रंजिता.

शनिवारी दहा वाजता इमाद आला. संतोषनेच त्याला हाताला धरून शेडमध्ये नेलं. "देखो उस्ताद, अपना कैलास!"

इमाद मूर्तीपुढे उभा राहिला. मग त्याने डाव्या गालावर बोट ठेवलं आणि आंधळा माणूस चाचपतो तसं ते फिरवत राहिला.

"यहाँ एक गड्ढा था," तो म्हणाला.

"हाँ उस्ताद," कैलास अभिमानाने म्हणाला. "भर दिया."

इमाद सिमेंटच्या गोणीवर बसला. त्याने मोडक्या हिंदीत, पाचसहा वाक्यांत, सगळं सांगितलं. साचा, भिंत, गोळा, तुकडा, तिची आई. आवाज चढवला नाही. संतोष भिंतीला टेकला. कैलासला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तो इमादच्या पायांशी वाकला. इमादने पाय मागे घेतले.

"गुस्सा मफी, कैलास," तो म्हणाला. म्हणजे राग नाही. "गुस्सा मफी."

मग त्याने विचारलं, "ये चेहरा किसका है?"

"मेरी बेटी का."

"ज़िंदा है?"

कैलासला उत्तर द्यायची लाज वाटली. "हाँ."

"अल्हम्दुलिल्लाह," इमाद म्हणाला, आणि देवाचे ते आभार त्याने मनापासून मानले. ते ऐकून कैलास रडला.

गाल परत येणार नव्हता. पेपरने घासलेलं प्लास्टर म्हणजे जमिनीवरची पूड, आणि ती कैलासने शुक्रवारीच झाडून टाकली होती. इमाद उठून पुन्हा मूर्तीपुढे आला. त्याचं बोट केसांच्या बटांवर थांबलं.

"कान?"

कैलास पातळ सुरी घेऊन बसला. दीड तास त्याने आपणच केलेली बट कणाकणाने खरवडली. खाली कान होता. त्याला पेपर लागला नव्हता. पाळीला टोचल्याची बारीक खूणही तशीच होती. इमादने लहान करवतीने तेवढाच भाग कापून घेतला, रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. रविवारी पेट्या सहाच भरल्या. सातवीसाठी केलेली पायरी तेवढी सोबत गेली.

मूर्ती शेडमध्येच राहिली. कैलासने मंगलाला फोन करून तो फोटो काढून टाकायला सांगितलं. का, तेही सांगितलं. मग रंजिताने आईचा फोन घेतला आणि फोटो काढून टाकला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इमादने व्हिडिओ पाठवला. नदी, ऊन, काठावर ओळीने बसलेली सहा माणसं. पोरं न्हाव्याच्या मांडीवर बसून फोटो काढत होती. सातव्या पायरीवर एक कान होता. पायरी रिकामी समजून लोक पुढे जात होते.

काळ्या पायघोळ अबायातली एक बाई बहिणीच्या आधाराने चालत आली. ती गुडघ्यांवर बसली. कानाला तिने हात लावला नाही. ओठ त्याच्याजवळ नेले आणि ती बोलू लागली. व्हिडिओ संपला तरी ती बोलतच होती.

वर्कशॉपमधला, अरबी जाणणारा झैद शेजारीच जेवत होता. तो म्हणाला, "मैं बताऊँ क्या बोल रही है?"

"नको," कैलास म्हणाला आणि त्याने आवाज बंद केला.