बॅग खाली ठेवली त्या दिवशी

आधी मुनियम्मा अक्काचं नाव घेते. तिच्यामुळे मी गोल्फ खेळते. मग झालं ते सांगते.

मागच्या वर्षी मी व्यावसायिक महिला गोल्फपटूंची राष्ट्रीय मालिका जिंकले. त्यानंतर बेंगळुरूच्या ज्या क्लबात मी खेळ शिकले, तिथूनच बोलावणं आलं. सदस्यांबरोबरचा सामना. एका टीममध्ये तीन हौशी सदस्य, एक प्रोफेशनल. प्रोफेशनल मी. नवा पांढरा टी-शर्ट घातलेला. घाबरून अर्धा तास आधीच पोहोचलेले.

एक साहेब गाडीतून उतरले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ए, बॅग उठाओ. जल्दी."

आणि मी उचलली.

हेच सांगताना जीभ अडते. कुणी मारलं नाही, धमकावलं नाही. खांदा आपोआप वाकला. पट्टा बरोबर जुन्या घट्ट्यावर बसला. सहा वर्षं कॅडी होते, दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेल्या. खेळ जिथून सुरू होतो त्या पहिल्या टीपर्यंत मी साहेबांच्या मागं चार पावलं ठेवून चालले. माइकवर माझं नाव पुकारलं. "आपल्या चॅम्पियन!" टाळ्या पडल्या. माझ्या खांद्यावर साहेबांची बॅग.

त्यांचा मित्र हसत सुटला. "अबे, चॅम्पियन कॅडी मिली है तुझे!"

साहेब वरमले. जरासेच. "रहने दे कंधे पे," म्हणाले. "आदत तो है ही."

आदत. होय, होती. आठवीत शाळा सुटली. जत तालुक्यातून मावशीच्या मागोमाग इथं आले आणि क्लबच्या गवतातलं तण उपटायला बसले. बायकांच्या त्या रांगेची मुकादम अक्का. सोमवारी सदस्य नसतात, तेव्हा कॅडींना खेळू देतात. तणवाल्या बायकांना नाही. अक्का माझ्यासाठी कॅडीमास्तरला नडली. "पोरगी रोज या गवतावर बसते. उभी राहिली तर गवत मरतं काय?" त्या सोमवारी मी पहिला चेंडू मारला. पुढं तण सोडून कॅडी झाले.

मी बॅग खाली ठेवली. आपटली नाही. ठेवली.

"साहब, आज आपकी टीम की प्रो मैं हूँ. बॅग आपकी है. आप उठाइए."

मग चेंडू मारला. सरळ गेला.

दुपारी सेक्रेटरींनी बोलावलं. साहेब क्लबच्या स्पर्धांना पैसा देणारे. माफीचं पत्र टाइप करून तयार, फक्त सही हवी. नाहीतर माझा तिथला सराव बंद. "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर ना," ते गोड बोलले. "क्लबनं घडवलंय तुला."

सराव गेला तर पुढची मालिका खेळू कशी? कागद घेऊन अक्काकडं पळाले. ती ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक गवतात, उकिडवी बसलेली. बॅग खाली का ठेवली ते धापा टाकत सांगितलं. ती तण उपटत राहिली. मग मान वर केली.

"खाली ठेवलीस ते कळलं," ती म्हणाली. "उचललीस का?"

दिवसभर सगळ्यांनी विचारलं, खाली का ठेवलीस. हे तिनं एकटीनं विचारलं. तिथंच समजलं. क्लबनं घडवलं ते एवढंच. माझा आपोआप वाकणारा खांदा. खेळ अक्कानं दिला.

सही केली नाही. सराव बंद झाला. आता जे. पी. नगरहून दोन बस बदलून शहराबाहेरच्या मैदानावर जाते. भीती गेलेली नाही. उद्या स्पर्धेतूनच नाव काढलं तर? काढू देत. दुसरीकडं खेळेन. पण ते पत्र माझ्या सहीनं जाणार नाही.

अक्का, इतकी वर्षं ते गवत तू राखलंस आणि एकदाही हातात स्टिक धरून त्यावर उभी राहिली नाहीस. तुझे उपकार मी फेडणार. तुला खेळायला शिकवणार. तिथंच, सदस्यांच्या वेळेत, त्यांच्या डोळ्यांदेखत. अडवायला येईल त्याची गाठ आधी माझ्याशी आहे.