कासिमालीने आखलेली सुट्टी

बिश्केकच्या ट्रॉलीबस डेपोत कासिमालीने एकतीस वर्षं वेळापत्रकं लावली. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता, कोणाच्या पाळीला कोण, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असायचं. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. घरात चहा कधी, फिरायला कधी, बाजारात कुठल्या वारी जायचं, सगळं ठरलेलं. शेजारी थट्टा करत की कासिमालीच्या घरची मांजरसुद्धा वेळेवर म्याव करते. तो हसायचा. मनातून त्याला ते कौतुकच वाटायचं.

त्याची बायको बुरूल. प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं मुलांना मुळाक्षरं शिकवणारी, अंगाने लहानखुरी, बोलायला कमी. मे महिन्यात वर्गात फळ्यापाशी उभी असताना तिला भोवळ आली. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब केवढा तरी वर गेलेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि कासिमालीला बाजूला बोलावून सांगितलं, गोळ्यांचं काम गोळ्या करतील, पण यांना कुठंतरी घेऊन जा. दहा दिवस डोक्याला कसला ताप नको. स्वयंपाक नको, पाहुणे नकोत, धावपळ नको.

कासिमालीने ते मनावर घेतलं. बायकोवर त्याचा जीव होता, यात कोणालाच शंका नव्हती. आपल्या आधीच्या सुट्ट्या त्याला आठवल्या. मुलं लहान असताना दर जुलैत जुन्या गाडीच्या टपावर कढई, गाद्या, चहाचा समोवार बांधून ते इसिक-कुल सरोवराच्या काठी जायचे. मागोमाग त्याचे दोन भाऊ, त्यांची पोरंबाळं, कधी डेपोतले सोबती. चौदा-चौदा माणसं. बुरूल सकाळपासून चुलीपाशी. सगळे पोहून आले की जेवायला मागायचे. एका वर्षी परतताना धाकट्या लेकीने विचारलं होतं, आई, तू पाण्यात गेलीसच नाहीस? बुरूल म्हणाली, गेले की, भांडी घासायला. सगळे हसले होते. कासिमालीही हसला होता. आता ते आठवून त्याला कसंनुसं झालं.

म्हणून या खेपेची सुट्टी त्याने अशी आखली की तिला बोट हलवायला लागू नये. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा दिवस धरले; शाळेतून तिला रजा मिळालीच होती. म्हणजे गर्दी ओसरलेली आणि पाणी अजून कोमट. उत्तर काठावरचं एक विश्रामगृह निवडलं. तिथे तीन वेळा आयतं जेवण, खोली तळमजल्यावर. भावांना त्याने स्वच्छ सांगितलं, यंदा कोणी यायचं नाही. एका वहीत सगळं लिहून काढलं. पहाटे पाच वाजता निघायचं, बोओमच्या घळीत चहा, बारा वाजता खोली ताब्यात. सकाळी किनाऱ्यावर चालणं, मग रक्तदाब मोजणं, मग न्याहारी, दुपारी झोप. वडिलांना अता म्हणणारी थोरली लेक चोल्पोन फोनवर म्हणाली, “अता, शिंकायची वेळ लिहायची राहिली बघा.” त्याने वहीत खरंच एकदा वरखाली पाहिलं आणि मग त्याला कळलं की पोरगी टोमणा मारतेय.

त्याने लेकीला विचारलं, शेजारच्या औषधवाल्याला विचारलं, डेपोतल्या जुन्या सोबत्याला विचारलं. बुरूलला विचारलं नाही. तिला विचारायचं म्हणजे पुन्हा तिच्याच डोक्याला काम, असं त्याला वाटलं.

बुरूलला एकच सख्खी बहीण होती, कालिचा. थोरली म्हणून तिला ती एजे, म्हणजे ताई म्हणायची. आई लवकर गेली तेव्हा कालिचानेच तिला वाढवलं, शिकायला शहरात धाडलं. स्वतः मात्र कोचकोरकडच्या गावात राहिली आणि उन्हाळाभर डोंगरातल्या सोन-कोल तळ्याकाठच्या कुरणावर घोड्या-मेंढ्या घेऊन तंबूत. तिथे फोन लागत नाही. निरोप द्यायचा तर खाली गावात आलेल्या तिच्या सुनेला, जिपारला द्यायचा. दोघी बहिणी तीन वर्षांत भेटल्या नव्हत्या.

निघायच्या आदल्या आठवड्यात बुरूलने भाजी निवडता निवडता विषय काढला. वाटेतल्या बालिकची शहराहून कोचकोरचा रस्ता फुटतोच, एक रात्र एजेकडे जाऊन यायचं का, असं तिने विचारलं. कासिमालीने तिला प्रेमाने समजावलं. घाटातला खडतर रस्ता, तिथली उंची, वर गेल्यावर ते आपल्यासाठी मेंढी कापणार, आजूबाजूच्या तंबूतली माणसं जमणार, तू पुन्हा चुलीपाशी बसणार. डॉक्टरीणबाईंनी नेमकं हेच नको म्हटलंय. बुरूल म्हणाली, बरं. ती नेहमीच बरं म्हणायची.

गुरुवारी पाचला दोन मिनिटं असताना गाडी निघाली. घळीतला चहा वेळेवर झाला. बालिकची आलं तेव्हा नऊ वाजायला आले होते. बाजारातली आणि बस स्थानकापुढची गर्दी टाळायला कासिमालीने बाहेरच्या रस्त्याने जायचं आधीच ठरवलं होतं. वळणाच्या थोडं अलीकडे बुरूल म्हणाली, “अहो, स्थानकापाशी थोडं थांबू या का? मी जिपारला निरोप दिला होता, आपण आज इथून जाणार म्हणून. एजे आली असेल कदाचित.”

“कुरणावरून इथवर? नुसत्या निरोपावर?” कासिमाली म्हणाला. “अगं, ती काय वेडी आहे का? आणि एकदा बाजारात शिरलो की तासभर गेला. बारा वाजता खोली घ्यायचीय.”

गाडी बाहेरच्या रस्त्याने निघून गेली.

सुट्टी ठरल्याप्रमाणे पार पडली. बुरूल रोज सकाळी त्याच्याबरोबर किनाऱ्यावर चालायची, आयतं वाढलेलं जेवायची, दुपारी पडून राहायची. चौथ्या दिवसापासून रक्तदाब उतरू लागला. कासिमाली आकडे लिहायचा आणि लेकीला फोन करून अभिमानाने सांगायचा. संध्याकाळी बुरूल बाकावर बसून पाण्यापलीकडच्या दक्षिणेच्या डोंगरांकडे बघत राहायची. त्याला वाटायचं, बघा, किती शांत बसलीय. आपल्याला जमलं.

परतताना तिने पुन्हा एकदा विचारलं. एकच रात्र. त्याने सांगितलं की आता सप्टेंबर लागला, ती माणसं तंबू उतरवून खाली यायच्या घाईत असतील, आपण मध्ये कुठे कडमडायचं. “पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवस फक्त तुझ्या एजेसाठी. लिहून ठेवतो.” आणि त्याने खरंच लिहून ठेवलं.

फेब्रुवारीत कालिचा गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणत होती, तिसऱ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. कासिमाली आणि बुरूल बर्फातून कोचकोरला पोचले तेव्हा अंगणात तंबू उभारलेला होता आणि आत बायकांचा आक्रोश चालला होता. बुरूल गाडीतून उतरली ती मोठ्याने रडत, शोकाची कवनं म्हणतच आत गेली. चौतीस वर्षांच्या संसारात तिचा एवढा मोठा आवाज कासिमालीने कधी ऐकला नव्हता. तो बाहेर पुरुषांत उभा राहिला.

दफन होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी तो गरम पाणी मागायला स्वयंपाकाच्या खोलीकडे गेला. आत जिपार कणकेचे बोरसोक तळत होती आणि बुरूल कणीक लाटत होती. दार अर्धवट उघडं होतं. जिपार सहज सांगत होती, तिच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता.

“मागच्या उन्हाळ्यात तुमचा निरोप आला ना, तर आईंनी दोन दिवस आधीपासून घोडीचं दूध आंबवून कुमीस घुसळायला घेतला. मी म्हटलं, मावशींनी नक्की थांबणार असं सांगितलेलं नाही. तर म्हणाल्या, नसेल सांगितलं, मी जाऊन उभी राहते. शेजाऱ्याच्या ट्रकमधून आदल्या दिवशी खाली उतरल्या. सकाळी सातपासून बालिकचीच्या स्थानकासमोर उभ्या, कुमीसची कातडी पखाल आणि वाळल्या दह्याच्या गोळ्यांची, कुरुताची पिशवी घेऊन. संध्याकाळपर्यंत.”

लाटणं थांबल्याचं कासिमालीला ऐकू आलं.

“मग?” बुरूलने विचारलं.

“मग काय, हसत परत आल्या. म्हणाल्या, आपले पाहुणे घड्याळाचे, पहाटेच निघून गेले असणार. चूक माझीच, मी उशिरा उठले.”

कासिमाली पाणी न घेताच मागे फिरला. अंगणात कोणीतरी त्याला बस म्हणालं, तो बसला. समोर काय वाढलं, त्याने काय खाल्लं, त्याला आठवत नाही. सातपासून ती तिथे उभी होती आणि तो नऊच्या सुमाराला दोन गल्ल्या पलीकडून गेला होता, हेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

परतीच्या वाटेवर दोघंच गाडीत होते. घळ लागल्यावर तो म्हणाला, “मला तेव्हा ठासून सांगायचंस. ती नक्की येणार आहे म्हणून.”

बुरूल खिडकीबाहेर बघत होती. “मला तरी कुठे नक्की ठाऊक होतं,” ती म्हणाली. “थोडं थांबू या का, एवढंच विचारलं होतं मी.”

ती ओरडली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने घरी येऊन डगला खुंटीला लावला आणि चहाचं आधण ठेवलं.

जूनमध्ये त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, यंदा कुठे जाऊ या, तू सांग. बुरूलने फार विचार केला नाही. म्हणाली, “मी सोन-कोलला जिपारकडे जाते. किती दिवस ते आत्ता सांगता यायचं नाही.” आणि थोडं थांबून, आवाज न चढवता म्हणाली, “तुम्ही राहा घरी.”

त्याने तिची पिशवी भरायला घेतली, मग हात आवरला. तिची तिने भरली. गोळ्या घेतल्यास का, एवढं मात्र विचारल्यावाचून त्याला राहवलं नाही. तिने घेतल्या होत्या. सकाळी तो तिला मिनीबसपर्यंत सोडायला गेला. बस कधी सुटणार म्हणून त्याने चालकाला विचारलं, तर चालक म्हणाला, भरली की.

ती तीन आठवडे वर राहिली. पहिले काही दिवस तो फोन हातात घेऊन बसायचा. बटाट्याचं सार करायचा, एकटाच जेवायचा. शेजारी विचारत, बुरूल कुठेय? तो सांगायचा, सुट्टीवर. एकटीच? हो, एकटीच. तेव्हा त्याच्या मनात यायचं की चौतीस वर्षांत आपण तिच्यासाठी इतक्या सुट्ट्या आखल्या, पण तिला काय हवंय हे एकदा विचारलं असतं तर तीन वर्षांत दोघी बहिणी निदान तीनदा भेटल्या असत्या. हा हिशेब त्याने पुन्हा पुन्हा केला. दर वेळी तो तेवढाच यायचा.

बुरूल परत आली ती उन्हाने रापून, ओठ फुटलेले, हाताला धुराचा वास. वर जिपारबरोबर रोज घोड्यांच्या धारा काढायची, चुलीपाशीही बसायची, म्हणाली. एजेच्या गाद्या उन्हात घातल्या, तिची जुनी काठी जिपारच्या लेकीला दिली. एक दिवस तंबूत बसून खूप रडले, दुसऱ्या दिवशी खूप हसले, कशावरून ते आठवत नाही, असंही म्हणाली. ती कितीतरी वेळ बोलत होती. एवढं ती कधी बोलत नसे. कासिमाली ऐकत राहिला. रक्तदाब मोजायचं यंत्र कपाटात होतं, ते त्याने काढलं नाही.

चहा झाल्यावर त्याने धीर केला. “पुढच्या वर्षी मीही आलो तर चालेल का?”

बुरूलने लगेच बरं म्हटलं नाही. खराखुरा विचार केला. मग म्हणाली, “या की. पण माझ्याबरोबर नको. चार दिवस मागून या.”

तो म्हणाला, येईन. ती उठून कपडे धुवायला गेली आणि तो टेबलापाशी बसून राहिला.